पर्सिफनीचं बारसं

११ जानेवारी २०२५

झ्यूसला संध्याकाळपर्यंत तीन नावं हवी होती. झ्यूस म्हणजे मुंबईतले आमचे साहेब, मालिकेचे कर्तेकरविते. त्यांचं खरं नाव लिहून वही बाटवायची नाही. एक तुरुंग, एक पाण्याची टाकी, एक मालवाहू जहाज — तिन्ही अंतराळात. ग्रीक हवं, भारदस्त हवं आणि उच्चारायला सोपं हवं! म्हणजे हत्ती पाहिजे, पण खिशात मावणारा.

दिली. तुरुंगाला टँटलस — गळ्यापर्यंत पाण्यात उभा, पण प्यायला वाकला की पाणी खाली सरकतं, तो. टाकीला लेथी — जिचं पाणी प्यायलं की सगळं विसरायला होतं, ती नदी. पिण्याच्या पाण्याला हे नाव कोण देईल? झ्यूस खूश. जहाजाला कॅरॉन — मेलेल्यांना पैलतीरी नेणारा नावाडी. कोणता शहाणा माणूस स्वतःच्या गाडीला त्याचं नाव देतो? आमच्या कुरुंद्यात ट्रॅक्टरवर 'आईचा आशीर्वाद' लिहितात. त्यात जास्त अक्कल आहे.

आयता मसाला आहे हा सगळा. पुडी फोडायची, रश्श्यात टाकायची, आणि लोक म्हणतात वा, काय खोल जग उभं केलंय! जग उभं केलंय म्हणे. जुन्या देवळाचे दगड आणून नव्या बंगल्याला लावलेत.

आणि हे दगड वाहणारी मी. गच्चीवर बसून, कारण खाली नेटवर्क येत नाही. खालच्या माणसांशीही माझं नेटवर्क लागत नाही.

१४ जानेवारी

संक्रांत. राजनंदिनीनं खाली हळदीकुंकू केलं. राजनंदिनी माझ्या भावाची बायको. आठवा महिना चालू आहे, डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय, पण मिरवायची हौस! अर्धं गाव येऊन गेलं. मला बोलावलं नाही. नवरा सोडून आलेल्या बाईला कुंकू लावायचं की नाही, हा त्यांना मोठा धर्मसंकटाचा प्रश्न. वाण काय होतं ते नंतर पाहिलं. प्लास्टिकची चहागाळणी. ठेवा तुम्हालाच.

एक घर, एक जिना. मी वर, ते दोघं खाली, आई मधल्या पायरीवर. तीन वर्षं असंच.

मागच्या वेळचं बारसं मी विसरलेले नाही. नाव ठेवायचा मान आत्याचा. सख्खी आत्या मी, त्याच घरात, वर बसलेली. पण राजनंदिनीच्या आईनं सांगितलं, संसार मोडलेल्या बाईचा हात पाळण्याला नको. मग वसमतहून चुलत बहीण निता आली, नवी साडी नेसून. तिनं ईश्वरी ठेवलं. ईश्वरी सव्वा महिन्याची गेली. त्याच्या आधीच्या मुलाची तर पाचवीसुद्धा पुजायची राहिली.

तेव्हा वाईट वाटलं का? वाटलं. खूप वाटलं. पण बारशाचा रागही राहिला. दोन्ही एका पोटात मावतात.

१९ जानेवारी

राजनंदिनीला पहाटे नांदेडला नेलं. मुलगी झाली. दिवसांआधीच झाली. काचेच्या पेटीत ठेवलीय. भावाचा फोन आला तेव्हा तो फक्त 'अक्का, अक्का' म्हणत होता.

२० जानेवारी

जिवंत आहे.

२८ जानेवारी

झ्यूसच्या मीटिंगमध्ये आज तोंड उघडलं. उघडायला नको होतं.

विषय असा — मालिकेतल्या वस्तीवाल्यांनी आपल्या ग्रहाचं नाव पर्सिफनी का ठेवलं? प्रेक्षक विचारतात. नाव मीच दिलं होतं, दोन वर्षांपूर्वी, एका चहात. हिरवा ग्रह, अर्धं वर्ष उजेड आणि अर्धं वर्ष काळोख, म्हणून. मी म्हटलं, खरं सांगायचं तर ठेवणार नाहीत. ज्यांना उद्याची हवा पुरेल की नाही ठाऊक नाही, ती माणसं घराला देवीचं नाव देत नाहीत. धोंडा म्हणतील. केर म्हणतील. वरून जाणाऱ्या मरणाला वाटावं, इथं उचलण्यासारखं काही नाही. आमच्याकडे लेकरं जगत नसली की असंच करतात. माझ्या सख्ख्या भावाचं नाव दगडोबा आहे.

सगळे हसले. झ्यूस म्हणाला, "कोमल, ये तो कॉमेडी हो जाएगा." मग पुण्याची एक पोरगी म्हणाली, किती क्यूट!

क्यूट! तुझ्या घरी मेलं असतं म्हणजे कळलं असतं क्यूट. मी कॅमेरा बंद केला. नेटवर्क गेलं असं लिहून पाठवलं.

२ फेब्रुवारी

दगडोबा गच्चीवर आला. हळदीच्या काढणीचे दिवस, हात कोपरापर्यंत पिवळे. नांदेडला जाऊन येतो, हळद शिजवतो, परत नांदेडला जातो. डोळे खोल गेलेत. मी खुर्ची दिली नाही. त्यानं मागितलीही नाही, पाण्याच्या टाकीला टेकला.

म्हणाला, "अक्का, पोरीचं बारसं करायचं हाये. नाव तू ठेवायचं. तो हिरवा ग्रह हाये न्हवं तुह्या सिरियलीत, त्याचं."

हा माणूस हळदीच्या कढईसमोर बसून मोबाइलवर माझी मालिका बघतो, हे मला माहीतच नव्हतं. मी विचारलं, एवढी नावं पडलीत जगात, हेच काहून? तर म्हणाला, कुरुंद्यात कोणाचंच न्हाई. अन् तू ठेवलेलं हाये.

मी ठेवलं नाही रे बाबा, ग्रीकांनी ठेवलं! पण बोलले नाही. मनात आलं — गरज पडली तेव्हा आत्या आठवली. मागच्या खेपेला निता होती ना? हे मात्र तोंडावर बोलले. मग म्हणाला की मागच्या खेपेला त्याचं चुकलं. आणि कढई उतू जाईल म्हणून गेला.

माफी मागायची तीसुद्धा कढईच्या वेळापत्रकात.

५ फेब्रुवारी

आईला कळलं. आई म्हणजे शालूबाई, कुरुंद्यातली सगळ्यात कमी बोलणारी बाई. आज बोलली. तिला ते परक्या देशातलं नाव नको. तिला दगडी, धोंडी, असलं काहीतरी हवं.

दगडोबा भडकला. मी जिन्यात उभी राहून सगळं ऐकलं. म्हणाला, शाळेत मास्तर हजेरी घेताना हसायचे. सोयरिकी आल्या तेव्हा पोरींनी नाव ऐकून नकार दिला. वसमतच्या मोंढ्यात, बाजारात, अजून म्हणतात, दगड आला हळद घेऊन. माझ्या पोरीला हे न्हाई.

आई म्हणाली, "दगड हायेस म्हून हायेस."

त्याचं रडगाणं ऐकून माझाच जीव जळाला. हा कोणत्या तोंडानं तक्रार करतो? आईचे पहिले दोन मुलगे गेले, ते आमच्या आधीचे. मग मी झाले. माझं नाव काय ठेवलं? कोमल! दोन लेकरं जाऊन झालेली मुलगी, तिच्यासाठी कोणालाही दगड आठवला नाही, धोंडा आठवला नाही. कोमल. घेऊन जा, कोवळी आहे! माझ्यानंतर मुलगा झाला तेव्हा आठवलं, की अरे, जगात मरण असतं. त्याला दगड करून जपलं. मला उघड्यावर ठेवलं. नावानं हाकसुद्धा कधी धड मारली नाही आईनं. 'ए', 'इकडं ये', 'ही कुठं गेली'. अजूनही तेच.

तो म्हणतो त्याचं नाव दगड. अरे, ज्याच्यासाठी कोणी भ्यायलं, तो भाग्याचा.

९ फेब्रुवारी

मुलीचं वजन थोडं वाढलं म्हणे. आईनं सांगितलं, जिन्यातून, वर न बघता.

१३ फेब्रुवारी

नांदेडला गेले. आईच्या आग्रहानं. तिच्या हातचे डिंकाचे लाडू पोचवायचे होते.

पेटीतली मुलगी काचेतून पाहिली. तळहाताएवढी छाती, सुपातल्या दाण्यासारखी हलते. तोंडावर नळी. माझ्याकडं बघितलं नाही. बरं केलं.

राजनंदिनी बाकड्यावर बसून डाळिंब सोलत होती. बसा म्हणाली नाही. सरकली मात्र. मग म्हणाली, ह्यांनी नावाचं सांगितलं ना? मी हो म्हटलं. आणि माझ्या जिभेवर तो जुना खवीस चढला. मी म्हटलं, नाव ठेवायच्या आधी त्या नावाची गोष्ट ऐकून घे. मला ठाऊक होतं मी काय करते आहे. मुद्दाम केलं.

सांगितलं. पर्सिफनी ही धान्याच्या देवीची मुलगी. फुलं तोडायला गेली, जमीन फाटली आणि मेलेल्यांच्या राजानं तिला खाली ओढून नेलं. आईनं जगभर शोधलं. आईनं रागानं पीक उगवायचं बंद केलं, माणसं उपाशी मरायला लागली, तेव्हा कुठं देव हलले. पण मुलीनं तिथं डाळिंबाचे दाणे खाल्ले होते. तिथलं अन्न पोटात गेलं की सुटका नाही.

राजनंदिनीचा हात थांबला. वाटी बाकड्यावर ठेवली.

"मंग? परत आलीच न्हाई का?"

येते, मी म्हटलं. आमच्या मालिकेत धरलंय तसं सहा महिने आईजवळ, सहा महिने खाली.

"दर सालाला येती? सहा महिने?"

हो.

ती काचेकडं बघत राहिली. मला वाटलं आता रडेल, आता म्हणेल की नको हे अपशकुनी नाव. मी वाट बघत होते.

"मंग हेच ठेवा ताई," ती म्हणाली. "माह्या पहिल्या दोघायला सहा महिने कुठं भेटले?"

मी उठून नळावर गेले. तोंड धुतलं. परत धुतलं. वाघिणीच्या तोऱ्यात गेलेली, मांजर होऊन एसटीत बसले.

१४ फेब्रुवारी

काल लिहायचं राहिलं. निघताना तिनं मागून हाक मारली. मला वाटलं आभार मानते की काय. म्हणाली, "चांगल्या तोंडाच्या बाईनं ठेवलेलं नाव टिकलं न्हाई, म्हून तुमाला म्हणून राहिले. तुमचं तोंड कडू हाये. कडूला कीड लागत न्हाई."

बाई आहे की काय! मान द्यायचा तोसुद्धा शिवी देऊन. आम्ही दोघी एकाच शाळेत असतो तर बाकड्यासाठी मारामाऱ्या केल्या असत्या.

२२ फेब्रुवारी

झ्यूसचा निरोप. शेवटच्या भागात पर्सिफनी फोडायची. अख्खा ग्रह. 'मोठा धमाका हवा.' लिहायचं मी.

फोन केला. म्हटलं, त्या ग्रहावर लेकरं आहेत, वस्त्या आहेत, दोन वर्षं आपण त्यांचं पीकपाणी दाखवतोय. दुसरा एखादा फोडा! टँटलस फोडा, सगळे बदमाश तिथं कोंबलेत. नाही म्हणाले. लोकांचा जीव जिच्यावर आहे तीच मेली पाहिजे. बरं, मग नाव बदला. शेवटी शेवटी नाव बदलता येतं का, म्हणाले, आणि हसले.

"कोमल, शेवटी ते फक्त नाव आहे."

हा माणूस दोन वर्षं नावांवर जगतो. दिवसाला तीन नावं मागतो. आणि म्हणतो, फक्त नाव आहे! महिन्याभरापूर्वी मीसुद्धा हेच म्हटलं असतं, ही आणखी चीड.

४ मार्च

आणली. पेटीतून निघून घरी आली. आईनं दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी गच्चीवरून बघितलं. दगडोबानं वर बघितलं. मी काम असल्यासारखं केलं.

८ मार्च

उद्या बारसं. सव्वा महिना उलटलाय, आता थांबायला नको, म्हणाली आई.

दुपारी आईनं मला स्वयंपाकघरात ओढलं. अक्षरशः ओढलं, दंडाला धरून. दार लोटलं. म्हणाली, वरून ते त्याचं काय ते नाव म्हण, पोराचं मन राहू दे. कानात दुसरं सांग. मी देते ते.

आणि माझ्या कानाशी येऊन सांगितलं.

अग आई गं! काय नाव ते! झ्यूसच्या पाताळातला राक्षससुद्धा म्हणेल, नको, मी बिननावाचाच बरा. मी म्हटलं, हे असलं? आई म्हणाली, हेच. हे बराबर चालतं. एकदा चाललेलं हाये.

कोणावर, विचारलं. तर म्हणाली, दळण राहिलंय. म्हशीच्या रेडकावर चाललं असणार. आमच्याकडं माणसांपेक्षा म्हशींची काळजी जास्त.

मग अटी सांगितल्या. कानातलं नाव फक्त आत्याला आणि सांगणारीला ठाऊक असायचं. बापाला नाही, लेकराच्या आईलाही नाही. तिसऱ्याला कळलं की उतरतं. आत्यानं पोटात ठेवायचं. मी विचारलं, माझ्यावर कसा काय विश्वास? म्हणाली, "तुहं तोंड वाईट हाये. पण आत गेलेलं भाईर येत न्हाई."

दुसरी शिवी. महिन्यात दोन झाल्या, दोन्ही घरच्या.

ते नाव इथं लिहीत नाही. अंधश्रद्धा वगैरे काही नाही. उगाच. लिहायला जरा घाणच वाटतं.

९ मार्च

बारसं झालं. पाठ दुखते आहे.

पाळणा दारातल्या खोलीत टांगला होता. निता आली होती, राजनंदिनीची आई आली होती. तिनं मला पाळण्याकडं जाताना पाहून तोंड असं केलं, जसं कच्चं कारलं चावलं. राजनंदिनी तिला म्हणाली, आई, तू गप ऱ्हाय. एवढंच. मी ऐकलं नाही असं दाखवलं.

कानात कुर्रर्र करायला वाकले आणि बायांनी रीतीप्रमाणे पाठीवर बुक्के घातले. रीतीचे बुक्के कसे असतात? हलके, हसत. राजनंदिनीचे तीन वर्षांचे होते. सगळे हिशोब एका पाठीवर! मी दात खाऊन सांगितलं आईनं दिलेलं. त्या गोंगाटात, त्या एवढ्याशा कानात. कान गरम होता. वर कोवळी लव होती. मुलगी दचकली, आणि मग तिनं माझा केस मुठीत धरला, सुटेना.

मोठ्यानं म्हटलं — पर्सिफनी! बायांची तारांबळ. एकीनं परसफुली केलं, एकीनं फनीबाई. कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली, फणी व्हय? चांगलंय, डोक्याला लागती. दगडोबा मात्र प्रत्येकीला नीट म्हणून दाखवत होता. पर-सि-फ-नी. शाळेत ज्याच्या नावाला हसले, तो उभा राहून सगळ्यांकडून म्हणवून घेत होता. मला बघवेना. घुगऱ्या घेऊन वर आले.

आई माझ्याकडं एकदाच बघून गेली. मी मान हलवली. सांगितलं.

३० मार्च

ग्रह फोडला. लिहिला तो भाग. पण माझा एक प्रसंग घातला. जहाजात बसून वस्तीवाले निघाले आहेत, मागं सगळं जळतंय. एक म्हातारी दुसरीला म्हणते, ग्रहाचं खरं नाव हे नव्हतंच. दुसरी विचारते, मग काय होतं? पहिली सांगत नाही. जहाज जातं. संपलं.

३ एप्रिल

झ्यूसनं तो प्रसंग कापला. 'नाव ऐकवायचंच नसेल तर सीन कशाला?'

लिहून पाठवलं — शेवटच्या श्रेयनामावलीत माझं नाव दाखवू नका. पुढच्या हंगामाला दुसरी हमाल बघा. मग दिवसभर गच्चीवर वाळत घातलेली हळद राखत बसले. कोणी सांगितलं नव्हतं.

११ मे

दगडोबाला सांगावंच लागलं, की वर्षअखेरी दाखवतील त्यात तो ग्रह मरतो. बघू नकोस. राजनंदिनी आतून म्हणाली, सिरियलीतली मरंना का. आमची हितं हाये. आणि मुलीला माझ्या मांडीवर आपटून भाकरी थापायला गेली. विचारायची पद्धत नाही या बाईला. सांभाळता का, घेता का — काही नाही. ठेवून गेली.

१६ जुलै

शेजारीण सालीचा काढा करायला म्हणून डाळिंबं घेऊन आली. राजनंदिनीनं टोपली उचलली आणि शेळ्यांपुढं ओतली. शेजारीण बघतच राहिली. म्हणाली, असं कसं येडं घर!

मी हसले. राजनंदिनीनं माझ्याकडं असं बघितलं की मी हसू आवरलं. १९ तारखेला सहा महिने होतात. ती मोजते आहे. मी सांगितलेली गोष्ट. माझी जीभ झडली असती त्या दिवशी तर बरं झालं असतं.

शेळ्यांनी दाणे सांडलेत का, ते मी नंतर जाऊन पाहिलं. दोन सापडले. उचलून लांब टाकले.

१९ जुलै

राजनंदिनी आज जिना चढून वर आली. या घरात आल्यापासून पहिल्यांदा. काखेत मुलगी. म्हणाली, आजचा दिवस हितं बसून राहते.

दिवसभर बसली. माझ्या खोलीला नावं ठेवली. पुस्तकांवरची धूळ काढली, आगाऊपणे. माझा चहा पाणचट म्हणाली. मी म्हटलं, खाली जाऊन पी मग. गेली नाही. मुलगी माझ्या उशीवर झोपली, उठली, गुरगुरली, पालथी पडली, उशी ओली केली. दर थोड्या वेळानं राजनंदिनी तिच्या नाकाखाली बोट धरायची. ती नसताना मी धरायचे.

दिवेलागणीला आई पायऱ्या चढून आली. गुडघे दुखतात म्हणून कधी चढत नाही. तिघी बसलो. दगडोबानं खालून तीनदा हाक मारली, जेवायचं काय? तिघींपैकी कोणी उठलं नाही.

२० जुलै

उठली. हसली. दात नाहीत, तरी मला चावली.

राजनंदिनीनं सकाळीच उशीची खोळ धुऊन दोरीवर टाकली, आणि मला ऐकू जाईल असं म्हणाली की लोकांच्या खोळी धुवायच्यासुद्धा आपणच.

२१ जुलै

आई तांदूळ निवडत होती. मी शेजारी बसून विचारलं — ते कानातलं नाव आधी कोणावर चाललं होतं?

"तुह्यावर."

सुपातून मान न उचलता. मग म्हणाली, पहिल्या दोघायला गोड नावं ठेवली, गोड हाका मारल्या, दोघंबी गेले. तुह्या टायमाला तुह्या आत्याकडून कानात हे सांगितलं. अन् वरून कोमल ठेवलं, अन् हाकबी मारली न्हाई कधी. मरणाला वाटावं, हिची काळजी कोणालाच न्हाई. दगड्याच्या वेळेला आत्या राहिली न्हवती, पोटात ठेवायला कोणी न्हवतं. म्हून त्याला उघड्यावरच दगड केलं.

मरणाला तसं वाटलं की नाही, माहीत नाही. मला मात्र तेहतीस वर्षं तसंच वाटत आलं.